पैनगंगेचा बेत

मंगळवारी लातूरच्या डॉक्टरांनी कस्तुराबाईंचे कागद दोनदा चाळले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मावशी, आता सहा महिन्यांनी या. तोवर तुमचं माझ्याकडं काही काम नाही." त्याच्या चौथ्या दिवशी येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळा अमावस्या, आली. मग काय, यंदा हणमंतरावांच्या रानात माणसाला बसायला जागा पुरेना.

गेल्या येळवशीला कस्तुराबाई दवाखान्यात होत्या. छातीतली गाठ काढून तिसरा दिवस. रिवाज मोडायचा नाही म्हणून रानात पूजेसाठी कडब्याची कोप उभी राहिली, आत दगडाचे पाच पांडव मांडले गेले, थोरल्या सुनेनं, शीलानं, भाज्या-शेंगांची भज्जीही केली. पण हणमंतरावांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. यंदा त्याच बाईनं पहाटे उठून भज्जीचं भगुणं स्वतः ढवळलं होतं. टोपलंही डोईवर घेऊन ती निम्म्या वाटेपर्यंत आली होती. शीलानं हिसकावून घेतलं म्हणून, नाहीतर कोपीपर्यंत आणलं असतं. पदराखाली नव्यानं उगवलेले बोटभर केस होते. हणमंतरावांनी सकाळपासून त्या केसांकडं चार वेळा चोरून बघितलं होतं आणि चारही वेळा मनात हात जोडले होते.

गावातली माणसं जेवून, आंबील पिऊन गेली. अहमदपूरच्या सडकेवरून घरी परतणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. कोपीसमोरच्या घोंगडीवर घरचीच माणसं उरली, तेव्हा धाकट्या सुदर्शननं खिशातून मोबाईल काढला. सुदर्शन लातूरला शिकवणी वर्गात गणित शिकवायचा आणि घरातही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा बोलायचा.

"अण्णा, माय, सगळे ऐका. मायचं दुखणं सरलं. आता आपण सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं. जंगल, डोंगर, नदी. मी हिमाचल बघून ठेवलंय. उत्तरेला."

मोबाईल हातोहात फिरला. फेसाळती नदी, काळे उंच वृक्ष, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून काठी धरलेला एक माणूस.

"ह्यो काय करून राहिला?" थोरल्या शिवशंकरनं विचारलं. शेती तोच बघायचा आणि घरात शब्दही त्याचाच चालायचा.

"मासे धरतोय. तिथं हौस म्हणून धरू देतात."

"हौस! माय वाचली ती कुणाच्या कृपेनं? काशीला जाऊ, अयोध्येला जाऊ. देवाचं देणं आधी."

"वाचली ती डॉक्टरच्या कृपेनं."

"हाय का! शिकला अन् हुकला."

"पण भाऊजी, काशीला ह्या दिवसांत गर्दी किती!" सुदर्शनची बायको उज्वला म्हणाली. "आत्याबाईंना गर्दीत न्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि हिमाचलची थंडी तरी सोसणार आहे का?" असं म्हणून तिनं एका वाक्यात दिराला आणि नवऱ्याला दोघांनाही आडवं केलं.

मोबाईल कस्तुराबाईंच्या हातात आला. त्यांनी तो लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला. मग म्हणाल्या, "ह्यानं काठी लई खाली धरली. अशी धरली तर मोठा मासा दोरी तोडून जातो."

सगळ्यांच्या माना वळल्या. शिवशंकरची मुलगी ऋतुजा तेवढी हसली.

"तुला काय ठाव, माय?" सुदर्शन म्हणाला.

"मला न्हाई तर कुणाला? लग्नाच्या आधी रोज धरायची." मोबाईल त्यांनी पदरानं पुसून परत दिला. "मला विचारणार असाल तर सांगते. तुम्हाला उत्तरंलाच जायचं ना? किनवट बी आपल्या उत्तरंलाच हाय. तिथं बी जंगल हाय, डोंगर हाय. मला पैनगंगेला न्या. मला गळ टाकायचाय."

कस्तुराबाईंचे वडील किनवटच्या अलीकडं रेल्वेत गँगमन होते. रुळाच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मधे दोन खोल्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण चुलीमागं कोनाडा आहे हे जसं माहीत असतं तसं. त्यात कुणी हात घालून बघितलं नव्हतं. हणमंतरावांनीही नाही.

आता शिवशंकरची नजर बापाच्या गळ्याकडं गेली. तिथं तुळशीची माळ होती, बेचाळीस वर्षांची. त्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं.

"जीव मारायला जायचं?" हणमंतराव म्हणाले. आवाज वाटला होता त्याहून करडा निघाला. "देवानं तुझा जीव राखला, अन् तू..."

आंबिलीच्या मडक्यावरचं फडकं कस्तुराबाईंनी नीट केलं. पंचेचाळीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं. नवऱ्याचा आवाज चढला की हाताला काहीतरी काम लावायचं.

"मामा, आत्याबाईंनी आजवर कधी काही मागितलं न्हाई," शीला म्हणाली. ती सासऱ्यासमोर सहसा बोलत नसे. "वर्षभर घरी मी त्यांच्या उशाशी होते. पाणी हवं म्हणून बी मागितलं न्हाई त्यांनी. आज पहिल्यांदा मागून राहिल्यात."

"मागायचं ते नीट मागावं," शिवशंकर बायकोवर उखडला. "अन् जायचं कुणाच्या दारी? देवामामाच्या? चाळीस वर्षांत जो ह्या घराचा उंबरा चढला न्हाई? सख्खी बहीण मरणाच्या दारात होती, त्याचा एक फोन तरी आला का?"

"पप्पा, फोन कशाला करतील? ते स्वतः यायचे."

ऋतुजा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. ती काकाकडं राहून लातूरला नर्सिंग शिकत होती.

"कोण यायचं?" हणमंतरावांनी विचारलं.

ऋतुजानं आज्जीकडं पाहिलं. आज्जीनं मान खाली घातली, पण नको म्हटलं नाही.

"देवा आजोबा. आज्जीच्या सहाच्या सहा केमोला आले. आदल्या दिवशी रेल्वेनं नांदेडला यायचे, स्टेशनात झोपायचे, सकाळच्या एसटीनं लातूर. बारा वाजता यायचे अन् आज्जीच्या पायाशी बसायचे. लई बोलायचे पण न्हाई. साडेचार झाले की उठायचे."

"साडेचारलाच का?"

"तुमची एसटी पाचला यायची ना, आबा."

उज्वलाही मग हळूच म्हणाली, "मी दोनदा घरी जेवायला बोलावलं. नको म्हणाले. दाजींच्या लेकाचं घर, त्यांना कळलं तर त्यांच्या जीवाला त्रास, असं म्हणाले."

सुदर्शननं चमकून बायकोकडं पाहिलं. त्यालाही हे नवीन होतं. हणमंतराव उठले, चपला शोधल्या, एकच सापडली, तशीच पायात घालून हरभऱ्याच्या बांधानं चालू लागले.

देविदास. शिवशंकरच्या बारशाला आला होता तेव्हा एकोणीस वर्षांचा असेल. वडिलांनी बहिणीसाठी डालडाच्या डब्यात नदीचं पाणी भरून त्यात दोन मरळ मासे दिले होते, जिवंत. बाळंतिणीला मरळ चांगली, अंगात रक्त भरतं म्हणून. पोरानं तो डबा मांडीवर धरून रेल्वे केली, एसटी केली, वाटेत पाणी बदललं. आणि हणमंतरावांच्या गळ्यात माळ पडून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नव्या नवरीसारखी नवी माळ. सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांनी तो डबा उचलला होता, घरामागच्या नाल्यात उपडा केला होता आणि म्हणाले होते, "असली घाण घेऊन माझा उंबरा चढायचा न्हाई."

देविदास पाणीही न पिता गेला होता. आणि शब्द त्यानं इतका पाळला होता की बहीण मरणाच्या दारात असतानासुद्धा चार तासांच्या भेटीसाठी तो दीड दिवसाची वाट तुडवत होता आणि दाजीला तोंड दाखवायला नको म्हणून पाचच्या आत निघत होता.

हणमंतरावांना आठवली ती त्या संध्याकाळची कस्तुरा. पाचवं केमो झालं त्या दिवशी ते पोचले तेव्हा ती कॉटवर उशाला टेकून बसली होती आणि तोंडावर काहीतरी होतं, समाधानासारखं. त्यांना वाटलं होतं, औषध लागू पडतंय. त्यांनी त्या रात्री दवाखान्याच्या गणपतीला नारळ फोडला होता. खरा नारळ कुणाला द्यायचा होता, हे त्यांना आज कळत होतं.

ते परत आले तेव्हा पोरं आंबील शिंपायला रानाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. सुना ओढ्यावर भांडी घासत होत्या. कोपीपाशी कस्तुराबाई एकट्याच होत्या. हणमंतराव त्यांच्यासमोर घोंगडीवर बसले.

"तू मला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगायचं? तुम्ही त्याला न्हाई म्हणाला असता. मग तो आला नसता."

हे खरं होतं. खोटं म्हणायला जागा नव्हती.

"अन् गळ? मतलब, आत्ताच काय मनात आलं?"

कस्तुराबाईंनी उजवा हात पुढं केला. सुया टोचून टोचून शिरा काळ्या पडल्या होत्या. "ते सलाईन लावायचे ना, त्याची नळी मी अशी बोटात धरायची. दोन बोटांत, हलकी. गळाची दोरी अशीच धरत्यात. डोळे मिटायची अन् डोहावर बसायची. आता ओढ लागंल, मग लागंल. चार-चार तास. ओकारी येऊन राहिली, अंगाची आग होऊन राहिली, तरी बोटं हलू द्यायची न्हाई मी. बोट हाललं की मासा पळतो." त्या थोड्या हसल्या. "त्या ओढीच्या नादात दिवस सरले माझे. म्हणून वाटलं, एकदा खरी ओढ बघावी."

एवढे दिवस संध्याकाळी त्याच कॉटच्या कडेला बसून हणमंतराव नामस्मरण करत होते आणि त्यांना वाटायचं, तीही तेच करतेय.

"अन् लागला मासा तर? सोडून देणार?"

नवऱ्याला हवं होतं तसं उत्तर द्यायला कस्तुराबाईंना सोपं होतं. सोडून देईन म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता.

"न्हाई. खाईन. देविदासची बायको कालवण करंल अन् मी खाईन. पंचेचाळीस वर्षं तुमच्या घरात चोरून खाल्लं न्हाई, तर आता का चोरू? सांगून खाईन. तुमच्या माळेचा मान मला हाय. पण माळ तुमच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाई."

एवढं लांब त्या कधी बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्यांना दम लागला आणि हणमंतराव घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन उठले. त्या पाणी पीत असताना तांब्या त्यांनीच धरून ठेवला.

"हळू पी," ते म्हणाले. "खा. काय खायचं ते खा. तू हायस, तेवढं लई झालं मला."

पोरं परतली तेव्हा हणमंतरावांनी ऋतुजाला हाक मारली. "तुझ्या त्या देवा आजोबाचा नंबर हाय का?"

"हाव."

"लाव."

"अण्णा, मी बोलू का आधी?" शिवशंकर पुढं झाला. "तो काय बोलंल, काय न्हाई..."

"तू तवा बारा दिवसांचा होतास. तुझं काय काम त्यात? लाव गं."

ऋतुजानं आवाज मोठा करून मोबाईल त्यांच्या हातात दिला. सगळे घोंगडीभोवती उभेच राहिले. चार वेळा वाजला. मग एक जाडाभरडा आवाज आला. "हां, बोल गं बाई."

"ऋतुजा न्हाई. मी... हणमंतराव."

पलीकडं कुठंतरी शेळी ओरडली. आणि मग तो आवाज एकदम बारीक झाला. "दाजी? ताई... ताई बरी हाय ना?"

हणमंतरावांच्या लक्षात आलं. बेचाळीस वर्षांनी हा माणूस फोन करतो म्हणजे एकच निरोप असणार, असं देविदासला वाटलं होतं.

"बरी हाय! बरी हाय, देविदास. एकदम बरी. मंगळवारी डॉक्टर बोलले, सगळं साफ हाय. आज येळवस हाय आमची. माझ्यासमोर बसलीय."

शीलानं डोळ्याला पदर लावला.

"बरं केलं सांगितलं," देविदास म्हणाला.

"ते न्हाई सांगायचं मला. म्हणजे ते बी सांगायचंच होतं." हणमंतराव आयुष्यात कधी असे अडखळले नव्हते, दहा गावांच्या पंचायतीत बोललेला माणूस. "त्या दिवशी मी डबा नाल्यात ओतला. तू लांबून आणला होतास. चुकलं माझं. माळ नवी होती अन् अक्कल बी नवीच होती. आणि... तू दवाखान्यात येऊन बसायचास. मला आज कळलं. सहा वेळा. तुझं हे उपकार..."

"उपकार काय, बहीण हाय माझी."

"तरी बी."

देविदासनं तो विषय तिथंच सोडला. मग म्हणाला, "दाजी, नाल्याला तवा पाणी होतं?"

"होतं. आषाढातली गोष्ट. भरून वाहायचा."

"मग जगले असतील. मरळ लई चिवट. मी तर त्याच वक्ती मनाची समजूत घातली होती, जगले असतील म्हणून."

आणि तो हसला. आधी ऋतुजा हसली, मग सुदर्शन, मग सगळेच. हणमंतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसले गेले.

त्यानंतर बेताला वेळ लागला नाही. देविदासनं विचारलं, माणसं किती. सात म्हटल्यावर म्हणाला, क्रुझर करा, रस्ता बरा हाय, लोह्यावरून या. येती दशमी ठरली. पाणी निवळलेलं असतं आणि थंडीही सोसवते. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायला मनाई आहे, पण गावचा डोह हद्दीबाहेर आहे. सहस्रकुंडाचा धबधबा वाटेवरच. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे, माहूर तिथून पुढं. माहूरचं नाव निघालं तसा शिवशंकर सैलावला.

"रेणुकामातेचं दर्शन होतंय म्हणल्यावर मग काय," तो म्हणाला. "पण मायला गड चढवायचा न्हाई. डोली करू. अन् पहिलं दर्शन, मग डोह."

"पहिला डोह," शीला म्हणाली. "आत्याबाईंचं मन भरू द्या, दर्शनाला मग नव्या दमानं जाऊ." नवरा तिच्याकडं बघतच राहिला; उज्वला मोठ्या जावेच्या बाजूला सरकून बसली. त्या दोघींचं एकमत झाल्याचं घरानं क्वचितच पाहिलं होतं.

ऋतुजानं अटी घातल्या. आज्जीनं पाण्यात पाय घालायचा नाही, गांडुळाला हात लावायचा नाही, उन्हात दोन तासांवर बसायचं नाही. सुदर्शननं हिमाचलचा नाद सोडून किनवटच्या जंगलातली राहायची जागा मोबाईलवर शोधायला घेतली, तर पलीकडून देविदास ओरडला, "भाचेबुवा, माझं घर असताना जागा शोधून राहिलास?" मग त्यानं जरा चाचरत विचारलं, "दाजी, तुमचं जेवण? माझ्या घरातली भांडी..."

"माझं पिठलं-भाकर वेगळ्या तव्यावर टाका म्हणजे झालं," हणमंतराव म्हणाले. "अन् तुझ्या उंबऱ्याबाहेर बसून खाणार न्हाई मी. आत बसून खाईन."

"आतच बसा. बाहेर कुत्री फार हायत."

"मामा, तुम्ही डोहावर काय करणार?" उज्वलानं विचारलं.

"हिच्या मागं बसीन. छत्री धरीन. दोन तासांच्या वर बसून राहिली तर उठवायला कुणी तरी लागंल."

"जरा ताईला द्या," देविदास म्हणाला.

हणमंतरावांनी मोबाईल कस्तुराबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो कानाला लावला आणि "काय रे देव्या," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असली हाक हणमंतरावांनी कधी ऐकली नव्हती. पुढं तर निम्मं त्यांना कळेचना. मराठीत मधेच किनवटकडची तेलुगू, तेलुगूत हसू, आणि शब्द इतके भरभर की जणू ही बाई दुसऱ्याच कुणाची तरी होती आणि तिला नुकतंच घरी आणलं होतं. पलीकडून देविदास बहुतेक रेल्वेपुलाखालचा डोह म्हणत असावा.

"पुलाखाली? येडा झालास का? पुलाखाली शेवाळ हाय. उंबराच्या बाजूला बसायचं, आपला बाप बसायचा तिथं... पडू दे उंबर, खोड तर हाय ना? मासा खोडाखालीच बसतो... न्हाई, न्हाई, कणीक न्हाई चालत मरळीला. तुला कधी आलंय रे मासे धरायला? माझ्याच हातचे खाऊन मोठा झालास."

शिवशंकर, सुदर्शन, दोघी सुना, सगळे ऐकत होते. ह्या घरात कस्तुराबाईंनी कुणाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आपलाच खाली ठेवला होता. आणि आता त्या ताठ बसून, मोकळा हात हवेत नाचवत, भावाशी कडाकडा भांडत होत्या. देविदास काहीतरी म्हणाला, त्यांनी ते उडवून लावलं. तो पुन्हा म्हणाला, त्यांनी पुन्हा उडवून लावलं. पदर खाली घसरला होता, बोटभर केस उन्हात चमकत होते, आणि तो सावरायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

हणमंतराव आपल्या बायकोला पहिल्यांदाच भांडताना बघत होते. ती जिंकत होती.